तिसऱ्या हिश्श्यात न मावणारा तोडरमल

तोडरमलाने नवे काहीच केले नाही. शेरशाह सूरने उभी केलेली महसूलव्यवस्थाच त्याने अकबराच्या नावाने चालवली आणि श्रेय मात्र त्याच्या पदरात पडले. हे मत आता व्याख्यानांतून, स्पर्धा परीक्षांच्या वर्गांतून आणि इतिहासप्रेमींच्या बैठकींतून इतक्या खात्रीने सांगितले जाते की त्याला आधार काय, असे विचारायलाही माणूस कचरावा. मी ते विचारणार आहे. कारण हे मत अर्धे खरे आहे, आणि त्या खऱ्या अर्ध्याच्या आडोशाला भारतीय शेतसाऱ्याच्या इतिहासातली एक फार मोठी गोष्ट झाकली गेली आहे.

आधी त्या मताची बाजू पुरती मांडू. शेरशाहाची कारकीर्द १५४० ते १५४५ अशी जेमतेम पाच वर्षांची. तेवढ्यात त्याने शेते मोजवली, बिघ्याचे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे तीन उतारे धरले, त्यांची सरासरी काढली आणि तिचा तिसरा हिस्सा सरकारचा ठरवला. हा हिशेब अबुल फझलाने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवून ठेवला आहे. गव्हाचे पाहा. बिघ्याला उत्तम उतारा १८ मण, मध्यम १२ मण, कनिष्ठ ८ मण ३५ शेर. बेरीज ३८ मण ३५ शेर. तिची सरासरी तेरा मणांच्या आतबाहेर, आणि सरकारी हिस्सा ४ मण १२¾ शेर. अकबराच्या राज्यातही हिस्सा तिसराच राहिला. तोडरमल स्वतः उमेदीच्या काळात शेरशाहाच्या चाकरीत होता. पंजाबात झेलमजवळ रोहतासचा किल्ला बांधून घेण्याचे काम त्याच्याकडे होते. मोजणी तीच, प्रतवारी तीच, हिस्सा तोच, आणि माणूसही तिथलाच. मग नवे काय, हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो.

खरे तर हा युक्तिवाद आणखी मागे नेता येतो. मोजणी शेरशाहाचीही नव्हे. त्याच्या आधी सव्वादोनशे वर्षे अलाउद्दीन खिलजीने दिल्लीच्या आसपास जमीन मोजून निम्मा हिस्सा घेतला होता, आणि त्याहीपूर्वी तमिळ देशात राजराज चोळाने गावेच्या गावे मोजवली होती. मोजणी आणि हिस्सा एवढ्यावरच श्रेय ठरवायचे तर ते शेरशाहालाही मिळत नाही. पण असे म्हणणारा कोणी भेटत नाही, कारण शेरशाहाला मोठे करणे हा या मताचा हेतूच नाही. तिसरा हिस्सा हा एकच आकडा शाळेपासून पाठ झालेला असतो. दोन्हीकडे तो सारखा दिसला की तपास थांबतो. माझा आक्षेप या थांबण्याला आहे.

शेतसाऱ्यात सरकारचा हिस्सा किती, हा प्रश्न मोठा खरा. पण शेतकऱ्याच्या घरातून शेवटी काय जाते ते त्या आकड्यावर ठरत नाही. हिस्सा धान्यात ठरला तरी खजिन्याला नाणे हवे होते. फौजेचा पगार, मनसबदारांची तनखा, तोफखाना, सगळे दामात आणि रुपयात चालत होते. म्हणजे ४ मण १२¾ शेर गव्हाचे किती दाम, हे कोणीतरी ठरवायला हवे. कोणत्या बाजारचा भाव धरायचा? कोणत्या महिन्याचा? सुगीत धान्य स्वस्त असते आणि पेरणीच्या तोंडावर महाग. राजधानीजवळ, छावणीच्या वाटेवर ते महाग असते. नदीपलीकडच्या, बाजारापासून दूरच्या परगण्यात स्वस्त. हिस्सा आणि सारा यांच्या मध्ये भाव उभा असतो, आणि शेतकऱ्याचे बरेवाईट तिथे ठरते.

अकबराच्या सुरुवातीच्या वर्षांत काय होत होते, ते ‘आईन’मधल्याच दुसऱ्या एका तक्त्यात दिसते. त्यात अकबराच्या कारकिर्दीच्या सहाव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत, म्हणजे १५६१–६२ पासून १५७९–८० पर्यंत, एकोणीस वर्षांचे दर सुभ्यावार आणि पीकवार दिले आहेत. पहिल्या काही वर्षांचे रकाने पाहिले की निरनिराळ्या सुभ्यांत एकाच पिकाला एकच दर दिसतो. आग्र्याला जो दर तोच लाहोरला, तोच अवधला. हे शेतांवरून आलेले दर नव्हेत. शेरशाहाचा धान्याचा तक्ता घेऊन त्याला एकच भाव लावला आणि साऱ्या मुलखावर तो लागू केला, एवढाच याचा अर्थ होतो.

याने काय होते ते साध्या गणिताने पाहा. समजा सरकारने धरलेला गव्हाचा भाव मणाला तीन नाणी आहे आणि दूरच्या परगण्यात शेतकऱ्याला प्रत्यक्षात दोनच मिळतात. सरकारने तिसरा हिस्सा तीनच्या भावाने मोजून रोख मागितला. ती रक्कम उभी करायला शेतकऱ्याला दोनच्या भावाने धान्य विकावे लागेल, म्हणजे दीडपट धान्य. तिसऱ्या हिश्श्याचे दीडपट म्हणजे निम्मा हिस्सा. कागदावर हिस्सा तिसराच, फर्मानात हिस्सा तिसराच, पण खळ्यावरून निम्मे धान्य गेले. शेरशाहाची पद्धत तोडरमलाने जशीच्या तशी चालवली असती तर विस्तारत चाललेल्या साम्राज्यात नेमके हेच घडत राहिले असते. शेरशाहाची यात चूक मानायचे कारण नाही. पाच वर्षांत, तीही सतत मोहिमांवर असताना, त्याने केले तेवढेही अचाट होते. पण त्याने सोडवलेला प्रश्न वेगळा आणि तोडरमलासमोर येऊन पडलेला वेगळा.

त्या तक्त्यात दहाव्या वर्षाच्या सुमारास चित्र पालटते. सुभ्यासुभ्यांचे दर वेगळे होऊ लागतात आणि एकाच सुभ्यात वरचा आणि खालचा असे दोन आकडे येऊ लागतात. म्हणजे स्थानिक भाव विचारात घ्यायला सुरुवात झाली. १५६६–६७ मध्ये कानूनगोंकडून परगण्यांचे आकडे मागवले गेले. कानूनगो म्हणजे परगण्याचे जुने दप्तर सांभाळणारा वंशपरंपरागत अधिकारी; आपल्याकडच्या देशपांड्यासारखा. त्या वेळी दिवाण मुझफ्फरखान तुर्बती होता आणि तोडरमल त्याच्याबरोबर काम करत होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सगळे श्रेय एकट्या तोडरमलाचे असे मला म्हणायचेच नाही. ज्यांना तो एकटा नायक म्हणून हवा आहे त्यांचीही इथे निराशा होईल.

पण स्थानिक भाव घेतले की दुसरेच दुखणे सुरू झाले. दरवर्षी, दर हंगामाला, प्रत्येक भागातून भाव मागवायचे, ते दरबारी पाठवायचे, तिथून मंजूर होऊन परत यायचे. राज्य गुजरातपासून बंगालपर्यंत पसरत होते आणि बादशहा स्वतः छावणीत फिरत होता. दर मंजूर होऊन येईपर्यंत पीक घरात गेलेले किंवा विकलेले असे. शेवटी दर आला की शेतकरी म्हणे, जास्त घेतले. जहागीरदार म्हणे, माझी बाकी राहिली. भाव कळवणाऱ्या माणसाच्या हाती केवढी सत्ता जात असे हे वेगळे सांगायला नको. अबुल फझलाने ही अडचण, हा उशीर आणि दोन्ही बाजूंच्या तक्रारी दहसाला पद्धतीचे कारण म्हणून स्पष्ट नोंदवल्या आहेत. शेरशाहाची पद्धत चालू ठेवणे हे ध्येय असते तर ही अडचण उद्भवलीच नसती, आणि सोडवायचीही गरज पडली नसती.

१५८० मध्ये काढलेला तोडगा म्हणजेच ही दहसाला पद्धत. ती अशी: पंधराव्या ते चोविसाव्या वर्षापर्यंतच्या दहा वर्षांची माहिती घ्यायची, तिची बेरीज करायची आणि दहावा भाग हा त्या भागाचा सालाचा दर धरायचा. परगण्यांचे गट पाडायचे. ज्यांचे पीकपाणी आणि भाव सारखे ते एका गटात. त्या गटाला दस्तूर म्हणत, आणि प्रत्येक दस्तुरासाठी पिकापिकाचा दरबिघा दर दामात आणि त्याच्या अंशांत, म्हणजे जितलात, लिहून ठेवायचा. गव्हाचा वेगळा, जवाचा वेगळा, उसाचा वेगळा, निळीचा वेगळा. दर वर्षी भाव विचारणे संपले. हंगामात मोजायचे उरले ते दोनच: पेरलेले क्षेत्र किती आणि बुडालेले किती. बुडालेले क्षेत्र ‘नाबूद’ म्हणून लिहून वजा होई. पेरणी करतानाच शेतकऱ्याला सरकारचा दर ठाऊक असण्याची सोय यातून झाली. मोठ्या साम्राज्यात ही सोय किती अवघड होती, हे वर्षानुवर्षे पैसेवारी जाहीर होण्याची वाट पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही.

इथे एक खुबी आहे, तिच्यावर मला थोडे थांबायचे आहे. दहा वर्षांपैकी विसाव्या ते चोविसाव्या वर्षांचे आकडे प्रत्यक्ष गोळा केलेले होते; त्याआधीच्या पाच वर्षांचे विश्वासू माणसांच्या सांगण्यावरून घेतले, असे ‘आईन’ सांगते. म्हणजे साम्राज्याचा कागद इथे स्वतःच्या माहितीची प्रतवारी करतो: एवढे मोजलेले, एवढे ऐकलेले. सोळाव्या शतकातल्या राजवटीच्या दप्तरात ही कबुली मिळणे मला फार मोलाचे वाटते. शेरशाहाच्या तक्त्यात हे नाही. तिथे उतारा आहे, तो कुठून आला ते नाही.

आणि ती प्रत्यक्ष गोळा केलेली पाच वर्षे आली कुठून? ती आली १५७४–७५ च्या धाडसी प्रयोगातून. त्या वर्षी अकबराने बऱ्याच मोठ्या मुलखातल्या जहागिरी खालसात, म्हणजे थेट सरकारी अंमलाखाली, घेतल्या आणि १८२ अधिकारी नेमले. एक कोट दामांच्या उत्पन्नाचा मुलूख एकेकाकडे, म्हणून त्यांना करोडी म्हणत. जमीन नव्याने मोजली जाऊ लागली. जुनी मोजणी तागाच्या दोरीने होई. दव किंवा पाऊस लागला की दोरी आखडे, उन्हात सैल पडे, आणि या आखडण्या-सैल पडण्याचा फायदा मोजणाऱ्याला घेता येई. तिच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या काठ्यांची जरीब आली. पुढे १५८६ मध्ये ४१ अंगुळांचा इलाही गज ठरला आणि साठ गज लांब, साठ गज रुंद म्हणजे एक बिघा असे माप पक्के झाले. त्याच्याही आधी, १५७३ मध्ये, नुकत्याच जिंकलेल्या गुजरातेत तोडरमलाला पाठवून तिथली जमाबंदी बसवून घेतली होती. शेरशाहाच्या राज्यात गुजरात कधीच नव्हती, हे त्याच्या नावाने बोलणारे विसरतात.

आता दुसरा आक्षेप. दहसाला पूर्ण केली ती ख्वाजा शाह मन्सूरने. तोडरमल तर त्या वेळी बिहार-बंगालच्या बंडाकडे रवाना झाला होता. हे खरे आहे. अबुल फझल तसेच लिहितो: काम दोघांकडे सोपवले होते, राजा पूर्वेकडे गेला आणि ख्वाजाने ते तडीस नेले. शाह मन्सूर हिशेबात कडक आणि तरबेज होता. पुढच्याच वर्षी, १५८१ मध्ये, अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम याच्याशी संधान बांधल्याच्या संशयावरून त्याला फाशी दिले गेले आणि ज्या पत्रांवरून हे झाले ती बनावट असल्याचे नंतर बोलले गेले. त्याच्या वाट्याचे श्रेय त्याला मिळालेच पाहिजे. पण यावरून तोडरमलाचा हात नव्हता असे ठरत नाही. १५६६ मध्ये कानूनगोंच्या आकड्यांपाशी तो आहे, १५७३ मध्ये गुजरातच्या जमाबंदीत तो आहे, दहसाला आखताना तो आहे, आणि १५८२ मध्ये साम्राज्याचा अर्थकारभार हाती आल्यावर ती प्रत्यक्ष राबवताना तोच आहे. १५८५ पासून त्याच्या जोडीला मीर फतहुल्ला शिराझी आला. हा विद्वान विजापूरच्या आदिलशाही दरबारातून अकबराकडे गेलेला. वर्षानुवर्षे तुंबलेले हिशेब निकाली काढण्यात त्याचा मोठा वाटा आहे. दिवाण बदलत गेले, मारले गेले, मोहिमांवर गेले. जवळजवळ पंचवीस वर्षे त्या कामाशी जोडलेले राहिलेले नाव तोडरमलाचे आहे. व्यवस्था टिकली ती अशा सातत्याने.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला बगल देणे मला पटणारे नाही. अब्दुल कादिर बदायुनीने लिहून ठेवले आहे की करोड्यांच्या जुलमाने मुलूख उजाड झाला, रयतेची बायकामुले विकली गेली, आणि मग तोडरमलाने करोड्यांना हिशेबाला धरले तेव्हा मारहाणीत आणि कैदेत कित्येक मेले. बदायुनी अकबराच्या धोरणांवर चिडलेला होता, म्हणून त्याची साक्ष झटकून टाकायची, ही पळवाट मी घेणार नाही. त्याच्या शब्दांत कडवटपणा आहे, पण करोड्यांचा प्रयोग फसला हे घटनाक्रमच सांगतो. १५८० पर्यंत बरीचशी जमीन पुन्हा जहागिरीत दिली गेली. जमिनीवर धान्य वाढवायला निघालेले अधिकारी वसुलीलाच लागले, हे उघड आहे.

प्रश्न असा की या अपयशातून तोडरमलाने काय उचलले. १५८२ मध्ये त्याने बादशहापुढे ठेवलेल्या सूचना ‘अकबरनाम्या’त आहेत. पहिलीच सूचना अशी की खालसातल्या अंमलदारांनी आणि जहागीरदारांनी दस्तुराप्रमाणेच वसुली करावी. जास्त घेतलेले रयतेच्या देण्यात जमा धरावे आणि घेणाऱ्याला दंड करून तो त्याच्या हिशेबात दाखवावा. लिखित दर नसेल तर ‘जास्त घेतले’ हे सिद्ध कशाने करणार? एकदा दरबिघा दर कागदावर आला की अंमलदाराचा जुलूम मोजता येतो. करोड्यांना हिशेबाला धरताना तोडरमलाने क्रौर्य केले असेल, आणि बदायुनी म्हणतो ते पाहता केलेच असावे. पण करोड्यांविरुद्ध उभा करण्याजोगा कागद त्याच्या व्यवस्थेतून तयार झाला, हेही त्याच साक्षीतून निघते.

पडीक जमिनीबाबतही हेच. जमिनीचे चार वर्ग केले ते मातीच्या रंगावरून केलेले नव्हते, ती किती सलग कसली जाते यावरून केले. दरसाल पिकणारी पोलज, मधूनमधून विसावणारी परौती, तीन-चार वर्षे पडून राहिलेली चाचर आणि पाच किंवा जास्त वर्षे ओस पडलेली बंजर. पूर किंवा अतिवृष्टीने सुटलेली चाचर पुन्हा लागवडीला आली तर पहिल्या वर्षी नेहमीच्या देण्याचे दोन पंचमांश, मग तीन, मग चार, आणि पाचव्या वर्षी पूर्ण. बंजर फोडणाऱ्याकडून पहिल्या वर्षी बिघ्याला एक-दोन शेर धान्य, दुसऱ्या वर्षी पाच शेर. ज्याने हा चढ आखला त्याला नांगर उपसून नेलेल्या कुळाचे घर पुन्हा कसे उभे राहते याची कल्पना होती. हा मोगल दरबाराचा दयाळूपणा होता असे मात्र मी म्हणणार नाही. उजाड जमीन सारा देत नाही, हे त्यांना कळत होते. आणि ते कळणे रयतेच्या उपयोगी पडले.

इथे माझी तक्रार दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही आहे. तोडरमलाला रयतेचा कैवारी ठरवून त्याच्या नावाने न्यायी राजवटीची चित्रे रंगवणाऱ्यांनी ‘आईन’चा तोच भाग नीट वाचावा. दहा वर्षांच्या सरासरीत किमती पिकांसाठी चांगल्यात चांगले वर्ष धरले गेले. आपल्या पीकविम्याचे उंबरठा उत्पादनही मागच्या सात वर्षांतल्या पाच चांगल्या वर्षांवरून काढतात. पण तिथे चांगली वर्षे निवडणे शेतकऱ्याला भरपाई मिळवून देते, आणि साऱ्यात तीच निवड त्याच्या अंगावर येते. शिवाय दर रोखीत बांधला की भाव पडल्यावर काय, या प्रश्नाला दहसाला पद्धतीत उत्तर नव्हते. १५८५ नंतरच्या वर्षांत भरघोस पिके आली, धान्य स्वस्त झाले आणि दिल्ली, अवध, अलाहाबाद अशा सुभ्यांत बादशहाला साऱ्यात सूट द्यावी लागली. अति पिकल्यामुळे सारा भरता येऊ नये, ही या पद्धतीची खरी दुबळी बाजू आहे. आणि बंगाल, काश्मीर, काबूल या भागांत ती पोहोचलीच नाही. माणूस म्हणूनही तोडरमल सौम्य नव्हता. अबुल फझलाने त्याच्या मृत्यूच्या नोंदीत त्याच्या निर्लोभीपणाचे आणि कर्तबगारीचे कौतुक केले, पण तो डूख धरणारा आणि आपल्याच म्हणण्याला चिकटून राहणारा होता हेही लिहिले. १५८९ च्या नोव्हेंबरात लाहोरात तो गेला. त्याला देवत्व द्यायची गरज नाही, आणि नकलाकार ठरवायचीही नाही.

नकलेच्या आरोपाला उत्तर द्यायला आपल्या मुलखातलाच पुरावा पुरेसा आहे, आणि तो दोन तुकड्यांत मिळतो.

पहिला तुकडा उशिराचा. पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकारी प्रिंगल याने दख्खनच्या जमिनीची मोजणी आणि आकारणी हाती घेतली. मातीच्या प्रतीनुसार खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती निघायला हवे, हे त्याने सिद्धांताने काढले आणि त्याचा ठरावीक भाग सारा म्हणून बसवला. इंदापूर तालुक्यात हा सारा झेपेना. शेते ओस पडली, कुळे उठून गेली. १८३५–३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथेच नव्याने काम सुरू केले तेव्हा निव्वळ उत्पन्नाचे गणित बाजूला ठेवून त्यांनी पूर्वीच्या वर्षांची प्रत्यक्ष वसुली, भाव आणि गावाची स्थिती पाहिली, आणि दर खाली आणले. तोडरमलाचे नाव त्यांनी घेतले की नाही याला महत्त्व नाही. जमिनीने काय द्यावे हे मेजावर काढायचे, की तिने गेल्या वर्षांत काय दिले आणि त्याला काय मोल आले हे दप्तरातून पाहायचे, हे दोन मार्ग आहेत, आणि १५८० मध्ये दुसरा निवडला गेला होता.

दुसरा तुकडा मुर्शिद कुलीखानाचा, आणि नकलेचा आरोप करणाऱ्यांनी त्याच्याकडे नीट पाहावे. तोडरमल हयात असताना मोगलांचा दख्खनवर ताबाच नव्हता. वऱ्हाड १५९६ मध्ये, अहमदनगरचा किल्ला १६०० मध्ये आणि अशीरगड १६०१ मध्ये त्यांच्या हाती आला. त्यामुळे तोडरमलाने महाराष्ट्रात सारा बसवला, हे सरसकट विधान टिकत नाही. मलिक अंबरने तोडरमलाची नक्कल केली हेही असेच सरसकट. अंबरने मक्त्याने वसुली देण्याची पद्धत मोडून गावाशी सरळ व्यवहार केला. त्याने हिस्सा आधी धान्यात दोन पंचमांश आणि नंतर रोखीत तिसरा घेतला असे ग्रँट डफ सांगतो. शेवटचा आकडा तिसरा दिसला, की लगेच तोडरमल. इथेही तीच घाई. उद्या शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तोंनी काठीने जमीन मोजून दोन पंचमांश हिस्सा धरला, म्हणून त्याचा तोडरमलाशी संबंध नाही असेही हेच लोक आकड्यावरून ठरवतील.

मुर्शिद कुली मात्र खरोखरच ते काम इकडे घेऊन आला. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, १६५२ पासून पुढे, तो इथला दिवाण होता. युद्ध आणि दुष्काळाने मुलूख मोडलेला होता. सारा नांगरावर एकरकमी घेण्याची जुनी रीत होती. त्याने जमीन मोजवली, पीकपाणी पाहून दर लिहून ठेवले, बैल आणि बियाण्यासाठी तगाई दिली, पाटील नसलेल्या गावांना पाटील दिले, आणि मोजणीत गडबड होऊ नये म्हणून जरिबेचे टोक प्रसंगी स्वतःच्या हाती धरले. धर्मातच्या लढाईत १६५८ मध्ये तो मारला गेला. इतिहासकारांनी त्याला दख्खनचा तोडरमल म्हटले ते योग्यच आहे.

पण त्याचे हिस्से पाहा. पावसावरच्या जिराईत पिकाला त्याने निम्मा हिस्सा धरला. विहिरीच्या पाण्यावरच्या धान्याला तिसरा. ऊस, द्राक्षे अशा बागाईत मालाला त्याहून वेगळा. म्हणजे ज्या एका आकड्यावरून तोडरमल हा शेरशाहाची नक्कल ठरवला जातो, तो आकडाच तोडरमलाच्या सर्वांत विश्वासू वारसदाराने बाजूला ठेवला, आणि तरीही तो वारसदारच राहिला. पाणी कुठले, पीक कुठले, भाव कुठला, शेत गेली किती वर्षे पडून होते, हे विचारून गावागावाचा दर ठरवायचा आणि तो आधी लिहून ठेवायचा, हे त्याने उचलले. तिसरा हिस्सा हेच तोडरमलाचे सर्वस्व असेल तर मुर्शिद कुलीने त्याच्याकडून काय घेतले, याचे उत्तर शेरशाहाच्या नावाने वाद घालणाऱ्यांनी द्यावे.